टिचकीचा नाद

भूमी सर्वंसहा आहे. मनुष्याचे अपराध ती पोटात घालते. परंतु पोटात घातलेले सारेच तिला पचते असे नाही.

नळांना निकेलचा मुलामा देणारा एक वृद्ध कारागीर आपल्या टाक्यांतील उरलेले पाणी वीस वर्षे परसात ओतत आला होता. गांडुळे नाहीशी झाली, मधमाश्या फिरकेनाशा झाल्या. तो म्हणे, "बरं झालं, कटकट गेली." मुलामा नीट बसला की नाही, की सुटून कुठे त्याचा फुगा आला आहे, हे मात्र तो एका टिचकीच्या नादावरून अचूक ओळखत असे.

एके सकाळी त्याने परसातल्या कोबीला सहज टिचकी मारली.

टण्ण.

"अगं ए, इकडे ये!" त्याने पत्नीला हाक मारली. "काय मुलामा बसलाय बघ! कुठे फुगा नाही, डाग नाही. जन्मात असं काम जमलं नाही मला."

"जमेल कसं? तुमची गिऱ्हाइकं गंजलेले नळ परत आणून देतात," ती म्हणाली. "आणि ठोकू नका त्याला. महिनाभर नातीला याच वाफ्यातलं खाऊ घालतेय मी. कशी चकाकायला लागलीये पोर!"

त्याचे हसू ओठांवरच थिजले.

चार वर्षांची नात उंबरठ्यावर उभी होती. "आजोबा, मला पण येतं," असे म्हणत तिने स्वतःच्या गालावर टिचकी मारली.

टण्ण.

कारागिराच्या कानांनी, त्याच्या इच्छेविरुद्ध, निर्वाळा दिला: कुठेही फुगा नाही.

त्या बालिकेचे कल्याण असो, आणि त्या मुक्या मातीचेही.