राखाडी टोपीची नळी

"युरिया चौतीस!" रिपोर्ट वाचून आजींनी आजोबांच्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या किडन्या थकल्यापासून तो दीडशेखाली आलाच नव्हता. लॅबवाल्या बाईंना मात्र आकडा पटेना. त्यांनी सकाळची नळी पुन्हा काढून पाहिली. राखाडी टोपी, म्हणजे साखर तपासायची नळी! तिच्यातल्या औषधाने युरियाचा आकडा खोटाच कमी येतो. चूक त्यांच्याच हातून झाली होती. आजोबांना आत बोलावून त्यांनी खरं सांगितलं. आजोबांनी बाही वर केली. "युरियाने सुटणारी अंगाची खाज थांबली नव्हतीच. घ्या परत. फक्त आमच्या हिला सांगू नका." आजी दारातून डोकावल्या. "परत रक्त?" "साखर बघतायत गं. यांना माझ्या रक्ताची चटक लागलीय!" आजोबा हसत बाहेर गेले. आजींची नजर नुकत्याच भरलेल्या लाल टोपीच्या नळीवर थांबली. "साखरेला राखाडी लागते ना, बाई?" त्या कुजबुजल्या. "मला कळलंय, हे त्यांना सांगू नका."