अंतऱ्याआधीचा खोकला

सत्त्याऐंशी सालच्या गाण्याच्या मध्यमा परीक्षेत काळुराम सरांचा प्रत्येक विद्यार्थी अंतरा उचलण्याआधी न चुकता एकदा खोकला.

"हे तुम्हीच बसवलंत का?" परीक्षक बाईंनी विचारलं, तेव्हा सरांना दे माय धरणी ठाय झालं. डोंबिवलीच्या क्लासात गाऊन दाखवताना ते स्वतः नेमके तिथेच खोकायचे.

दुसऱ्या दिवशी कल्याणला जाऊन त्यांनी आपल्या म्हाताऱ्या बुवांना ही फजिती मीठमसाला लावून सांगितली. "माझा गळा एकालाही आला नाही बुवा, खोकला मात्र सगळ्यांना आला!"

बुवा हसता हसता खोकले. "अरे काळू, तुला कुठे खोकला होता? तू शिकायला आलास तेव्हा दमा मला होता."

सरांचं तोंड एवढंसं झालं. संध्याकाळी क्लासात त्यांनी जाहीर केलं, "आजपासून खोकायचं नाही," आणि स्वतःच बंदिश धरली. अंतऱ्यापाशी आल्यावर त्यांनी खोकला निग्रहाने गिळला. अंतरा घाईत सुटला आणि सम भलतीकडेच पडली. त्यांनी पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच झालं.

तबल्यावरची लक्ष्मी शेवटी हळूच म्हणाली, "खोका ना सर, एक मात्रा कमी पडतेय."