वाटीतलं बिऱ्हाड

वायरमन खांबावरून उतरला, हातमोजे काढले, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. लेकीचा होता.

"बाबा, पिल्लं बाहेर आली," ती कुजबुजली. "तिन्ही पंख्याच्या पात्यावर बसलीत."

घामाने निथळलेल्या वायरमनला हसू फुटलं. हॉलमधल्या पंख्याच्या वरच्या वाटीत चिमणीने बिऱ्हाड थाटलं, आणि ऐन उन्हाळ्यात घरची माणसं पुठ्ठ्याने वारा घेऊ लागली. पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी त्यानेच लावली होती. "अख्ख्या वस्तीला वारा पुरवतो, आणि इथे दिव्याखाली अंधार!" असा टोमणा बायको मारायची, आणि खिडकीत दाणेही तीच टाकायची. त्याच्या वडिलांना तर दुसरा उद्योगच नव्हता. मोतीबिंदूने दिसत नसे, पण नुसत्या चिवचिवाटावरून म्हातारा सांगे: आता आई आली, आता बापाने अळी आणली, आता धाकट्याला मिळाली नाही म्हणून तो भांडतोय.

"मग हळू कशाला बोलतेस? आजोबांना सांग की ओरडून!"

"बाबा, पट्टी निघालीय. बटण चालू आहे."



वीज गेल्यावर घरोघरी होतं तेच झालं होतं. आली का, आली का, करत म्हाताऱ्याने चाचपडत भिंतीवरची सगळी बटणं खालीवर केली, त्यात नखाने पट्टीही उपटली. मग उकडतंय म्हणून नातीचा हात धरून ओट्यावर येऊन बसला. मागे दार लागलं. लॅचचं दार. एक किल्ली बायकोकडे, ती कामावर. दुसरी वायरमनच्या खिशात.

"आजोबांना माहीत नाही," लेक म्हणाली. "त्यांना वाटतंय, दिव्याचंच बटण दाबलं. मला आत्ता खिडकीतून दिसलं."

मेन स्विच बंद कर, असं तो म्हणणार होता. पण स्विच दाराच्या आत होता. पावसाचं पाणी लागू नये म्हणून त्यानेच तो आत घेतला होता.

"हाकल त्यांना. टाळ्या वाजव."

"वाजवल्या. गजपण बडवले. ती घाबरून आणखीच चिकटून बसली. बाबा, तुम्ही लाइट सोडू नका ना. आधी घरी या ना."

घर वस्तीच्या पार दुसऱ्या टोकाला, पण लाइन एकच. जोडीदार सबस्टेशनचा फोन कानाला लावून उभा होता. जो खांबावर चढतो त्याने उतरून स्वतः सांगितल्याशिवाय लाइन सोडायची नाही, हा नियम.

"काय रे, सांगू का सोडायला?" जोडीदाराने विचारलं.

वायरमनने हातानेच त्याला थांबवलं.

समोरच्या माडीवरचा शिंपी शिडी धरून उभा होता. वायरमन कधीच खाली उतरला होता, तरी त्याने शिडी सोडली नव्हती. वर त्याची आई ऑक्सिजनच्या मशीनवर होती, आणि मशीनची बॅटरी संपत आली होती. बाकीचे लोक वीज कंपनीच्या नावाने बोटं मोडत होते. हा एका शब्दाने बोलला नव्हता.

"दादा, झालं ना काम?" त्याने आता विचारलं.

"झालं."

"मग?"

पंख्यावर चिमणीची पिल्लं आहेत, हे या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं? वायरमनला रडू यायला लागलं. अख्ख्या वस्तीची वीज त्याच्या एका शब्दावर अडली होती, आणि घरातलं एक बटण त्याला बंद करता येत नव्हतं. पंखा जुना आहे, त्याने मनाची समजूत घातली. सावकाश वेग घेतो. पिल्लांना पंख फुटलेत. उडतील की.

"बाळा, तू खिडकीतून बाजूला हो," तो फोनमध्ये म्हणाला. मग जोडीदाराकडे न बघताच म्हणाला, "सांग. सोडा म्हणावं."

वीज आली. गल्लीत एकच गलका उठला. शिंपी शिडी सोडून जिन्याकडे धावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी वायरमनच्या पाठीवर थाप मारली, "मानलं राव तुम्हाला!"

फोन कानालाच होता. त्यातून पंख्याची कटकट ऐकू येऊ लागली. तेल घालायचं कधीचं राहून गेलं होतं. आधी सावकाश, मग भराभर. मग मोठ्या चिमणीचा आवाज, एकसारखा.  लेक खिडकीतून हलली नव्हती, हे त्याला कळलं.

"कुणाचा गं हा पंखा वाजतोय?" मागून म्हाताऱ्याने विचारलं.

"शेजारचा, आजोबा."

"आणि चिमणी का एवढी ओरडतेय?"

पोरीने नाक ओढलं. "पिल्लं उडाली, आजोबा," ती म्हणाली. "तिन्ही उडाली."

"बघ! सकाळीच म्हटलं होतं मी, आज उडणार म्हणून!"

आणि म्हातारा टाळ्या वाजवू लागला.