खेचरावरचं ओझं

माणसाची खरी ओळख डोंगरमाथ्यावरच पटते, असं डेलबर्टनं नेब्रास्काच्या सपाटीवरून निघताना सांगितलं होतं. कोलोरॅडोच्या माथ्यावर ती पटली तेव्हा तो तंबूबाहेर ओकत होता आणि खोकल्यातून गुलाबी फेस येत होता. “विरळ हवेनं फुप्फुसात पाणी भरलंय तुझ्या,” वाट दाखवणारी मार्ला म्हणाली. “आज उतरला नाहीस तर मरशील.” “तुझा कालचा रस्सा बाधलाय. एवढ्या वर्षांनी एल्क हरणाच्या परवान्याच्या सोडतीत नाव लागलंय माझं!” “मग परवाना थडग्यावर चिकटवू.” शिकारीचं मांस वाहायला आणलेल्या खेचरावर तिनं त्यालाच बांधलं. उतरता उतरता छातीतली घरघर ओसरली आणि पायथ्याच्या रस्त्याशी तर डेलबर्ट पुन्हा रश्श्याला नावं ठेवू लागला. इतक्यात रस्त्यापलीकडे भलामोठा एल्क दिसला, गाईसारखा निवांत चरताना. डेलबर्टनं कुजबुजत बंदूक मागितली. परवान्याची हद्द रस्त्याच्या अलीकडेच संपत होती.