दुखण्याचं नाव

"डाक्टर विचारील तेवढंच बोल, अंबे. आपण होऊन दुखण्याचा पाढा वाचू नये."

आईचं हे सांगणं अंबिकेनं आजवर मोडलं नव्हतं. परळच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर ती दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बसली होती. मागं तिचा नवरा दत्ताराम टोपी हातात धरून उभा होता.

सकाळी उठलं की तिची बोटं लाकडासारखी व्हायची. कढत पाण्यात बुडवून ठेवल्याखेरीज देवापुढची वात वळली जायची नाही. ऊन लागलं की नाकावरून दोन्ही गालांवर लाली पसरायची, अंगात कणकण भरायची. पण इस्पितळात नंबर लागेतो दुपार, आणि दुपारपर्यंत हात मोकळे. 'मूठ वळा' म्हटलं की मूठ मुकाट वळायची. एका डॉक्टरानं संधिवात म्हटलं. दुसऱ्यानं रक्त कमी म्हणून लाल औषधाची बाटली दिली. तिसरा म्हणाला, "कामात मन घाला बाई, बरं वाटेल." चाळीतल्या बायका तर तिला तोंडावरच 'सकाळची आजारी' म्हणत.

आजच्या डॉक्टरांनी मूठ वळायला सांगितली नाही.

"कधी दिवस गेले होते का?"

"दोनदा. राहिले नाहीत."

"हं. मग जुळतंय." ते दत्तारामकडे वळले. "यांच्या रक्तात गरमीचा दोष आहे. म्हणून तर गेल्या आठवड्यात तुमचंही रक्त घेतलं. तुमचं साफ आहे."

घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नाही असा तो शब्द. पुरुषानं वाईट वस्तीतून आणायचा आणि बायकोनं मुकाट्यानं भोगायचा, असा तो रोग. इथं तर पुरुष साफ निघाला होता.

"डाक्टरसाहेब," न विचारता ती पहिल्यांदाच बोलली, "रक्त चुकत नाही कधी?"

"माणसं खोटं बोलतात, बाई. रक्त बोलत नाही. पेनिसिलिन सुरू करू. हल्ली बरा होतो हा रोग."

"पण माझी बोटं सकाळी..."

"सगळं त्यातलंच. चला, पुढचा कोण?"

बाहेर कडक ऊन होतं. भिंतीभिंतीवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं गेरूनं लिहिलेलं. त्यातली कितीतरी अक्षरं दत्तारामच्या हातची. सत्याग्रहात तो पकडला गेला, ठाण्याच्या तुरुंगात राहून आला, तेव्हा लालबागच्या चाळीनं त्याला हार घातले होते. आता तो तिच्यापुढं चार पावलं चालत होता. गिरणीच्या भिंतीशी तो एकाएकी थांबला.

"मी आत होतो तेव्हा तुझं पाणी कोण भरत होता?"

"समोरच्या खोलीतले रघुभावजी. तुम्हीच सांगून गेला होतात त्यांना. बादली उचलत नव्हती माझ्यानं."

"नळावरून दारापर्यंत, की घरात?"

तिला प्रश्नाचा रोख कळायला वेळ लागला.

"मोरीपर्यंत," ती म्हणाली. "हातच धरत नव्हते हो."

"हात!" तो हसला. "डाक्टरनं तुझ्या हातांकडे बघितलंसुद्धा नाही."

"देवावर हात ठेवून सांगते..."

"कुठला ठेवशील? सकाळचा की दुपारचा?"

शेजारून जाणारा भाजीवाला वळून बघू लागला, तशी ती भिंतीकडे सरकली. ज्या माणसासाठी तिनं तुरुंगाच्या दिवसांत एकभुक्त राहून सोमवार धरले होते, तो तिच्याकडे न बघता पुढं चालू लागला.

खोलीत आल्यावर त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. "परवाच्या बोटीनं गावी जायचं. इंजेक्शनं तिकडं कुठं मिळतील तिथं घे. चाळीत मला तोंड दाखवायचं आहे." एवढं बोलून, टोपी घालून, तो काळाचौकीच्या सभेला निघून गेला.

अंबिका रडली नाही. तिनं हातपाय धुतले, कोरं लुगडं नेसली. देवघराच्या फळीवरून हिरवा खण, नारळ आणि तांदळाची पुरचुंडी काढून परडीत ठेवली. बाहेर सज्जात शेजारची कांता गहू निवडत बसली होती.

"काय गो वयनी, आत्ताच उन्हातून आलीस ना? आता परत कुठं?"

"प्रभादेवीला. ओटी भरायची आहे."

"आता देऊळ बंद असेल."

"बसेन पायरीवर."

कांतानं परडीतला खण पाहिला. तिचं तोंड उजळलं. "नवसाची होय? मग पावली म्हणायची देवी! बरी झालीस तू?"

"बरी कर असं मागितलंच नव्हतं," अंबिका हळू आवाजात म्हणाली. "तेवढी हाव नव्हती. सगळी मला ढोंगी म्हणत होतात. एवढंच म्हटलं होतं, आई, माझ्या दुखण्याला एकदा काय ते नाव मिळू दे."

"मग? मिळालं?"

"मिळालं."

"काय म्हणाला डाक्टर?"

अंबिकेनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, परडी कोपरात अडकवली.

"तिनं तिचा शब्द पाळला, कांते. आता आपण आपला पाळायचा," ती म्हणाली, आणि कठड्याचा आधार घेत जिना उतरू लागली.