शेप्याची सात लेकरं

"आत्याबाई, खरं सांगा, हाच ना आपला शेप्या?" सुलोचनानं पिळून मऊ केलेला आंबा सासूच्या हातात दिला.

शेपूच्या वासाचा तो बांधावरचा आंबा वादळात पडला, तेव्हा म्हातारीनं दोन दिवस भाकरीला हात लावला नव्हता. म्हणून सुलोचनानं त्याच्याच सात कोयी लावल्या. नऊ वर्षांत सहा झाडं फळली. एक आंबट ढाण, एकात नुसते धागे, एक तर चक्क खोबऱ्यासारखं! आईच्या वळणावर एकही गेलं नाही. आज सातव्याला पहिलं फळ आलं होतं.

म्हातारीनं चोखून मान हलवली. "न्हाई गं."

सुलोचनाचे डोळे भरले. नव्वदीला टेकलेली म्हातारी मात्र कोय पांढरी होईस्तोवर चोखत राहिली.

"असला गोडवा जन्मात चाखला नव्हता. एका आईची सात, अन् सातांच्या सात तऱ्हा! सुले, ही कोय लाव. आठवं कसं निघतंय, ते बघूनच जाईन म्हणते."