मजकूर नसलेली पानं

‘शेवटच्या एकोणीस पानांवर मजकूर आढळला नाही. काढून टाकायची?’ संगणकाने विचारलं.

लेकीने त्यातली पहिली दोन उघडून पाहिली. वाकड्यातिकड्या रेघा, मध्येच एखादं वेटोळं. आई फोनवर म्हणालीच होती, आता बाबांना लिहिणं होत नाही. पांघरुणावर पडल्यापडल्या यंत्रावर पेन घासलं गेलं असेल, असं तिला वाटलं. तिने ‘हो’ दाबलं.

हा प्रश्न मुळात तिचाच. फोनवर नोंदी लिहिण्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत ती कामाला होती. जुन्या यंत्रांतल्या नोंदी नव्या फोनवर सुखरूप उतरतात की नाही, हे तपासणं तिचं काम. रिकामी पानं विचारून काढून टाकावीत, लोकांना कचरा नको असतो, ही सूचना तिने एका बैठकीत केली होती. साहेबांनी तिची पाठही थोपटली होती.

बाबांचं यंत्र तळहाताएवढं, पेनाने लिहायचं. तेरा वर्षांपूर्वी लेकीने पहिल्या पगारातून घेऊन दिलेलं. घशाच्या ऑपरेशननंतर बाबांचा आवाज गेला आणि ते त्यावर लिहून बोलायला लागले. तोंडाने कधी बोलले नव्हते एवढं. ‘चहा छान होता. साखर घातली असतीस तर आणखी छान झाला असता.’ ‘डॉक्टर हुशार आहे, पण त्याने विनोद सांगू नयेत.’ लेकीने नवा फोन पुढे केला तेव्हा त्यांनी लिहिलं, ‘याला पेन कुठाय? पेनाशिवाय मला बोलता येत नाही.’

शेवटचे तीन आठवडे ती त्यांच्याजवळ नव्हती. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघायची होती आणि तिच्यावाचून कंपनीचं घोडं अडलं होतं. शुक्रवारी निघते, असं तिने कळवलं. बाबा बुधवारीच गेले. हे तिला आतल्या आत कुरतडत होतं, आणि ती कुणाजवळ बोलत नव्हती.

मग एक दिवस आईने कपाटातून ते यंत्र काढून तिच्या हातात दिलं. “चार्जच होत नाहीये गं. यातलं सगळं वाचव. झालं की आपण दोघी बसू.”

निदान हे तरी बाबांसाठी करता येईल, म्हणून लेक कंबर कसून बसली. पण जुनं यंत्र आणि नवा फोन यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकाची केबल दुसऱ्याला चालेना, एकाचं अक्षर दुसऱ्याला कळेना. त्यात बॅटरी फुगलेली, दहा मिनिटांत यंत्र मान टाकायचं. तीन दिवस तिच्या नाकी नऊ आले. संगणकाने चुकीचं वाचलेलं प्रत्येक अक्षर तिने हाताने दुरुस्त केलं. चारशे पानं नव्या फोनवर उतरली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

दुपारी ती यंत्र घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेली. “ताई, हे घरात ठेवू नका, कधी पेट घेईल सांगता येत नाही,” तो म्हणाला. त्याने तिच्यासमोरच ते उघडलं, बॅटरी वेगळी केली आणि बाकीचं मोडून भंगाराच्या पेटीत टाकलं. तिला वाईट वाटलं, पण नोंदी तर वाचल्या होत्या.

संध्याकाळी आई खिडकीशी नवा फोन घेऊन बसली. साखरेच्या नोंदीला ती हसली, मग बराच वेळ पदराने डोळे पुसत राहिली. लेक शेजारी टेकून बसली होती. कितीतरी दिवसांनी तिला जरा हलकं वाटत होतं. आई वाचत वाचत ‘उशी उंच कर’ या नोंदीपाशी आली. तिने काचेवर पुन्हा बोट फिरवलं. काहीच हललं नाही.

“पुढे कसं जायचं गं?”

“संपलं आई. तेवढंच होतं.”

“नाही गं, अजून आहेत. तू तिकडे होतीस ना, तेव्हाची. रोज एक पान लिहायचे. हात ऐकायचा नाही, घामाघूम व्हायचे, पण पेन सोडायचे नाहीत.”

लेकीला त्या वाकड्यातिकड्या रेघा आठवल्या.

“फोनवर मी मुद्दाम लिहिणं होत नाही एवढंच म्हटलं, नाहीतर काम टाकून धावत आली असतीस,” आईने फोन तिच्या हातात दिला. “मला त्यातलं एक अक्षर लागलं नाही. तुझ्या फोटोकडे बोट दाखवायचे, म्हणजे तुलाच लिहिलंय सगळं. शोध, आणि वाच मोठ्याने. काय म्हणत होते ते मलाही कळू दे.”